नोटेवरचं माकड

कुंडलरोड
मंडळी नमस्कार. विषय जरा लांबचा आहे, सांभाळून घ्या. आमचा मेव्हणा साखर कारखान्यांच्या मशिनरीच्या कामात आहे, मागं दीड महिना ब्राझीलला जाऊन आला, रिबेराव प्रेतोच्या बाजूला. तिकडं पण आपल्या वाळवा-पलूससारखा ऊसच ऊस, फक्त शिवार कुठं संपतच नाही म्हणे. येताना बहिणीला पर्स, पोरांना चॉकलेटं आणि मला काय तर खिशात विसरून राहिलेली एक २० रिआलची नोट. भेट म्हणून आणलीच न्हवती गड्यानं, मला माहितीय. तर त्या नोटेवर एक माकड आहे. तोंडाभोवती अशी भरगच्च आयाळ की मी आधी सिंहाचा छावाच समजलो.

मग नाद लागला. दोन महिने झाले रात्री जेवण झालं की तेच वाचायलोय, बायको म्हणती माकडाचा एवढा अभ्यास घेताय तेवढा पोराचा घ्या. जे कळलं ते लिहितो, चुकलं तर जीवशास्त्र मॅडम आहेतच कान धरायला.

नाव गोल्डन लायन टॅमरिन. तिकडची माणसं मिको-लेआंव-दोराडो म्हणतात, म्हंजे सरळ सोनेरी सिंह-माकड. वजन पाचशे ते सातशे ग्रॅम, पिशवीत तीन मोठे पेरू घातले की तेवढंच. अंग वीतभर आणि शेपूट त्याहून लांब. आणि हे रानात सापडतं ते जगात एकाच ठिकाणी, रिओ दि जानेरो राज्यात साव जुआव नदीच्या खोऱ्यात आणि त्याच्या आजूबाजूला, बास. दुसरीकडं कुठं नाही.

त्याचे हात बघा एकदा व्हिडिओत. बोटं अंगाच्या मानानं भलतीच लांब आणि बारीक. त्या जंगलात झाडांच्या फांद्यांवर अननसाच्या जातीची झुडपं वाढतात, त्यांच्या पानांच्या बेचक्यात पावसाचं पाणी साठतं, वाटीसारखं. हे माकड फांदीवर आडवं पडतं, हात कोपरापर्यंत त्या वाटीत घालतं, तोंड भलतीकडंच वळवलेलं आणि बोटांनी आत चाचपत राहतं, आपण नाही का कपाटामागं पडलेलं नाणं काढताना छताकडं बघत बसतो, डिट्टो तसं. मग किडा, नाहीतर छोटं बेडूक बाहेर. फळं तर खातंच.

घरातली रीत तर लयच भारी. एका कुटुंबात दोन ते आठ-नऊ जणं. शक्यतो एकच मादी वितं, आणि बहुतेक वेळा जुळी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासनं पोरं पाठीवर घ्यायची कामगिरी बापाची, दूध पाजण्यापुरती आईकडं, परत बापाकडं. मोठी भावंडं पण आळीपाळीनं वागवतात, त्यांना घास देतात. रात्री सगळी मिळून एकाच झाडाच्या ढोलीत.

आता वाईट भाग. १९७०च्या दशकाच्या सुरवातीला ही माकडं जंगलात साधारण २०० उरली होती, आज ४८०० आहेत. मधे काय झालं ते लिहितो, पण आधी मोटर चालू करून येतो, लाइट आलीय.

मिरज_जंक्शन
नोटेचा फोटो टाक की आधी!

विटेकर
वाचायला भारी वाटलं पण एक सांगा, तीन पेरवांएवढ्या माकडासाठी एवढा खर्च? आमच्याकडं टँकर सुरू होतो मार्चला.

पाटणचा_आबा
ह्ये बेस हाय. त्यांच्याकडं माकाड नोटंवर आनि आमच्याकडं भुईमुगात. औंदा दीड एकर भुईमूग हुता डोंगराच्या कडंला, वानराची टोळी आली चाळीस-पन्नास, शेंगा उपटून हितं खाल्ली तितं टाकली. म्हातारी राखणीला बसायची तर तिला भीत न्हाईत, गड्याला भित्यात, बाईमानसाला न्हाई, लुगडं वळकत्यात. अर्ज दिला, पंचनाम्याला मानूस आला तवर मी रान नांगरून हरभरा टाकला हुता. आता म्हंत्यात नुकसान दाखवा. काय दाखवू, हरभरा?

कुंडलरोड
आबा तुमचं दुखणं खरं आहे, त्यावर येतो, विसरलो नाही. विटेकर, खर्चाचं पण येतो.

तर नाश कशानं झाला. किनाऱ्याच्या कडंकडंनं एक सलग जंगल होतं, अटलांटिक जंगल म्हणतात, ॲमेझॉन वेगळं बरं का, गल्लत करू नका मी पण केली होती. पोर्तुगीज आल्यापासनं ते तोडत गेले, आधी ऊस, मग कॉफी, मग गुरांची कुरणं, आणि रिओ शहर पसरलं ते वेगळंच. वाचताना जरा चमकलो मी. म्हंजे आपण ज्याच्या जिवावर घर बांधलं, पोरं शिकवली, त्याच पिकानं तिकडं हे माकड निम्मं संपवलं. जंगल राहिलं ते तुकड्या-तुकड्यानं, डोंगराच्या टोप्यांवर. वरनं पकडून विकायचे, पाळायला आणि प्राणिसंग्रहालयांना.

१९६०च्या दशकात आदेल्मार कोइंब्रा-फिल्यो नावाचे ब्राझीलचेच शास्त्रज्ञ ओरडून सांगायला लागले की हे संपायला आलंय. १९७२ ला वॉशिंग्टनला बैठक झाली, १९७४ ला पोसो दास आंतास नावाचं राखीव जंगल जाहीर झालं, खास याच माकडासाठी.

पण जंगल राखीव केलं तरी माकडं कुठनं आणायची? प्राणिसंग्रहालयात होती तीही मरायला लागली होती. इथं मॅडमनी लिहावं, मला ते नीट समजलं नाही.

जीवशास्त्र_मॅडम
लिहिते. (साताऱ्यात पेपर तपासणी सुरू आहे, त्यामुळे तुटक लिहिलं तर समजून घ्या.)

तेव्हा प्राणिसंग्रहालयांत ही माकडं जगत नव्हती, पिल्लं तर अजिबात नाही. वॉशिंग्टनच्या नॅशनल झूमध्ये डेव्हरा क्लाइमन नावाच्या बाई होत्या. त्यांनी बसून निरीक्षण केलं तेव्हा दोन गोष्टी कळल्या. एक, ही माकडं जोडीनं राहतात, एका पिंजऱ्यात दोन-तीन माद्या कोंबल्या की भांडणं होतात, विणं नीट होत नाही. दुसरी मला फार आवडते, वर्गात दरवर्षी सांगते. पिल्लू जरा मोठं झालं की ते आईबापापासून काढून दुसऱ्या पिंजऱ्यात टाकायचे. त्या पिल्लाला स्वतःची पोरं झाली की ती सांभाळताच यायची नाहीत. कारण सांभाळायचं शिक्षण कुठं होतं, तर धाकटी भावंडं पाठीवर वागवण्यात. मोठ्या पोरांना घरातच ठेवायला सुरुवात केली, खाण्यात नुसती फळं न देता किडे-मांसही दिलं, आणि संख्या वाढायला लागली.

पुढे आणखी एक चांगली गोष्ट झाली. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांनी कबूल केलं की ही माकडं आमची नाहीत, ब्राझील सरकारची, आम्ही फक्त सांभाळतोय.

कोयनेकाठची
मॅडम हे तर सासूबाई पण म्हणतात, धाकटा दीर कडेवर वाढवला म्हणून मला पोर सांभाळता आलं 😄

मिरज_जंक्शन
फोटो?

कुंडलरोड
थँक्यू मॅडम. फोटो टाकतो रे, थोडा प्रॉब्लेम झालाय नोटेचा, नंतर सांगतो.

तर आता मजा. १९८४ ला पिंजऱ्यात जन्मलेली माकडं जंगलात सोडायला सुरुवात केली. आणि ती माकडं माकडंच न्हवती हो! म्हंजे दिसायला होती, पण पिंजऱ्यातल्या घट्ट बसवलेल्या दांड्यांवर वाढलेली, फांदी हलते हेच माहीत नाही. बारीक फांदीवर पाय ठेवला की लवली, घाबरून परत मागं. खाणं समोरच्या वाटीत यायची सवय, पानाआड शोधायचं असतं हे डोक्यातच नाही. दहा झाडं लांब गेलं की परतीची वाट सापडेना. खाली जमिनीवर उतरून बसायची. पहिल्या तुकडीतली बहुतेक टिकली नाहीत.

मग सोडायच्या आधी ट्रेनिंग द्यायचं ठरलं, पिंजऱ्यात खाणं लपवून ठेवायचं, हलत्या फांद्या बांधायच्या वगैरे. बेंजामिन बेक म्हणून शास्त्रज्ञ हे काम बघायचे. त्यांनी हिशोब मांडला तर कळलं की आधीच्या ट्रेनिंगनं जगण्यात फारसा फरक पडत नाही! फरक कशानं पडला, तर सोडल्यानंतर माणसं रोज मागं मागं फिरली त्यानं. खाणं ठेवलं, झोपायला खोका टांगला, हरवलेलं शोधून परत कुटुंबात आणून सोडलं. आणि खरं तर ती पिंजऱ्यातली पिढी कधी पूर्ण शिकलीच नाही, पण त्यांची जंगलात जन्मलेली पोरं आपोआप तयार झाली. आईबाप अडाणी राहिले पण पोरं शिकली, आपल्याकडं काय वेगळं झालं.

२००० सालापर्यंत अशी १४६ च्या आसपास सोडली. आज जंगलात आहेत त्यातली साधारण एक तृतीयांश त्यांच्याच वंशातली.

हे वाचल्यापासनं यवतेश्वरच्या घाटातनं गाडी नेताना डोकं फिरतंय माझं. कास बघायला आलेली माणसं काच खाली करून माकडांना वेफर्सची पाकिटं देतात. परवा एक मादी, पोटाला पिल्लू, ती कुरकुऱ्याचं पाकीट दातानं एका बाजूनं अशी फाडती की आपल्याला तसं सरळ फाडता येत नाही. पिल्लू बघतंय. तिकडं कोट्यवधी घालून पिंजऱ्यातल्याला जंगल शिकवायलेत आणि आपण जंगलातल्याला पाकीट फाडायला शिकवतोय.

विटेकर
हे मात्र पटलं. सज्जनगडावर माझ्या हातातली प्रसादाची पिशवी नेली होती.

जीवशास्त्र_मॅडम
शिवाय आपली लाल तोंडाची माकडं म्हणजे बॉनेट मॅकाक, फक्त भारताच्या दक्षिण भागात, आपल्या पश्चिम महाराष्ट्रासह, आहेत, जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. उत्तरेकडून ऱ्हीसस माकडं सरकतायत आणि ही मागे हटतायत, त्यावर २०११ मध्ये अभ्यास आला होता. रोज दिसतात म्हणून आपल्याला त्यांची किंमत नाही. आबांचं वानर वेगळं, काळ्या तोंडाचं, ते हनुमान लंगूर.

पाटणचा_आबा
तोंड काळं आसू दे न्हाईतर लाल, शेंग तीच खातंय.
बरं त्ये ब्राझीलचे शेतकरी गप कसे बसले? त्यास्नी काय मिळालं?

कुंडलरोड
आबा, हाच तर खरा प्रश्न. मी याचीच वाट बघत होतो.

राखीव जंगल पुरेना, आजूबाजूचे तुकडे खाजगी मालकीचे. म्हंजे माकडं सोडायची तर गुरं पाळणाऱ्या जमीनदारांच्या रानात. १९८३ पासनंच लू ॲन डिट्झ नावाच्या बाई आणि तिकडची स्थानिक पोरं-पोरी गावागावात जायला लागली, शाळेत, बाजारात, मालकांच्या ओसरीवर. सुरवातीला कित्येकांना हे माकड कुठलं, ते इथंच असतं हेच माहीत न्हवतं. हळूहळू असं झालं की माझ्या रानात मिको आहे हे मोठेपणाचं झालं, आपल्याकडं बैलगाडा शर्यतीचा बैल दारात असतो तसं. काहींनी आपल्या रानातला जंगलाचा तुकडा कायमचा राखीव करून दिला, तिकडं तसा कायदा आहे, जमीन मालकाचीच राहते. तुकडे जोडायला झाडं लावायची तर रोपं कुठनं आणायची, तर गावातल्याच कुटुंबांनी रोपवाटिका काढल्या, त्यांच्याकडनं विकत घेतात. १९९२ ला हे सगळं बघायला तिथलीच संस्था निघाली, असोसियासाव मिको-लेआंव-दोराडो.

पण आबा खोटं कशाला बोलू. एक गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली. हे माकड पिकात येत नाही. किडे खाणारं, ढोलीत झोपणारं, तीन पेरवांएवढं. त्यानं कुणाचा भुईमूग उपटला असता तर नोटेवर आलं असतं का मला शंका आहे.

पाटणचा_आबा
हां. ह्ये खरं बोल्लास. बाकीचे पर्यावरनवाले ह्ये बोलत न्हाईत.

कोयनेकाठची
आणखी एक विचारते. तिथं माणसं उठवली का? आमचं गाव आधी धरणात गेलं, राहिलेलं अभयारण्याच्या नावाखाली, आजोळ चांदोलीच्या आत होतं तेही गेलं. त्यामुळे जंगल वाचवायचं म्हटलं की आमच्याकडे आधी ट्रंका भरतात.

कुंडलरोड
ताई, मी वाचलं त्यात बहुतेक माकडं आज खाजगी रानांत आणि छोट्या राखीव तुकड्यांत आहेत, माणसं तिथंच, गुरं तिथंच. तुमच्या लोकांचं झालं त्याची भरपाई या गोष्टीत नाही, तेवढं मला कळतं.

खंबाटकी_रोजचा
मी पुणे-कोल्हापूर मालवाहतूक करतो, बावीस वर्षं. हायवेवर काय काय मेलेलं बघितलंय, साळिंदर, उदमांजर, कोल्हा, एकदा कराडच्या अलीकडे तरस. रस्ता रुंद झाला की वाढतं, कारण जनावर निम्म्यात आलं की दुसऱ्या बाजूचा डिव्हायडर लागतो, मग ते तिथंच गोल फिरतं. तिकडे रस्ते नाहीत का?

कुंडलरोड
भावा, बरोबर जागेवर बोट ठेवलंस. बीआर-१०१ नावाचा मोठा हायवे बरोबर त्या जंगलाच्या मधनं जातो. दोन पदरीचा चार पदरी करायला काढला, म्हंजे एका बाजूची माकडं एका बाजूला, दुसरी दुसऱ्या. आणि हे माकड उघड्यावर जमिनीवरनं जायला लय भितं. दोन्हीकडची बेटं झाली की आत आत लग्नं होणार, रक्त तेच तेच. म्हणून हायवेवरनं पूल बांधला, माणसांसाठी न्हवे, वर माती टाकून झाडं लावलेला. २०२० ला पूर्ण झाला. खालनं ट्रक आणि वर झाडी. पण झाडं मोठी व्हायला वेळ लागतो, पूल झाला म्हणून दुसऱ्या दिवशी माकड चाललं असं नाही.

खंबाटकी_रोजचा
आपल्याकडे पेंचला हायवेच उचलून घेतलाय, खालून जनावरं जातात, मी स्वतः त्या रस्त्यानं नागपूर-जबलपूर केलंय. करायचं म्हटलं तर होतं.

विटेकर
बेटांवरनं आपलं सागरेश्वर अभयारण्य आठवलं. शाळेची सहल गेलो होतो. चारी बाजूला ऊस-द्राक्षं आणि मधी ते १०.८७ चौरस किलोमीटर. धों. म. मोहित्यांनी उघड्या माळावर उभं केलं खरं, पण हरणं वाढली की जाणार कुठं? उसात.

जीवशास्त्र_मॅडम
तिथली चितळं चांदोलीत नेली आहेत की, वाघांना भक्ष्य हवं म्हणून. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याची वाघीण चांदोलीत आणली, तीही थेट मोकळी न सोडता आधी कुंपणाच्या आत ठेवून. म्हणजे कुंडलरोड म्हणतात ते काम आपल्या दारात सुरू आहे, फक्त जनावर मोठं आहे. ब्राझीलमध्येही नुसती पिंजऱ्यातली सोडली असं नाही. १९९४ ते १९९७ मध्ये अगदी चिंचोळ्या तुकड्यांत अडकलेली जंगली कुटुंबं उचलून उनियाव नावाच्या मोठ्या जंगलात हलवली, ४२ माकडं. ती जन्मानंच जंगली असल्यामुळे त्यांना काही शिकवावं लागलं नाही, भराभर वाढली. १९९८ मध्ये तेही राखीव झालं.

मिरज_जंक्शन
मग आता सगळं गोडगोड? ४८०० झाली, धागा संपला?

कुंडलरोड
नाही ना. जगातल्या संपत आलेल्या जनावरांच्या यादीत २००३ ला ते 'अतिधोक्यात'मधनं एक पायरी वर आलं, 'धोक्यात' एवढंच. २०१४ ला ३७०० मोजली. आणि २०१६-१७ ला पिवळा ताप आला. यलो फीव्हर, डासांनी पसरतो. २०१९ ला मोजली तर २५००. चाळीस वर्षं फांदी-फांदीला जोडत आणलेलं, आणि एका डासानं एक तृतीयांश नेलं.

वर माणसं घाबरली आणि माकडांनाच मारायला लागली, की यांच्यामुळं ताप येतो. उलट माकडं आधी मरतात त्यामुळं माणसाला इशारा मिळतो.

कोयनेकाठची
अगदी आपल्या माकडतापासारखं. दोडामार्गला माझी नणंद आहे, २०१६ ला तिथं आला होता. तो गोचिडीनं होतो, पण नाव माकडाचं.

कुंडलरोड
हो, नाव ठेवताना माकडच सापडतं.

मग त्यांनी काय केलं, लस दिली. माणसाला देतात तीच, डोस कमी करून. आधी तयारी, चाचण्या, सरकारी परवानग्या, २०२१ पासनं जंगलात टोचायला सुरुवात. झाडावर मचाणासारखं करतात, पिंजऱ्यात केळं ठेवतात, कुटुंबच्या कुटुंब केळ्याला येतं आणि अडकतं. भूल देऊन टोचायचं, ओळखू यावं म्हणून अंगाला, शेपटीला रंग लावायचा, आणि जिथनं धरलं तिथंच दुसऱ्या दिवशी सोडायचं. जंगली माकडाला अशी लस टोचायची हे तोपर्यंत लय जणांना पटत न्हवतं, रानटी जनावराच्या आजारात हात घालू नये म्हणायचे. मला विचाराल तर बरोबर केलं. जंगल तुम्हीच तुकडे केलंय, मग जनावर पळून जाणार कुठं?

२०२३ ला परत मोजली, ४८००. तरी त्यांचं गणित डोक्यात पक्कं आहे: एकमेकाला जोडलेलं २५,००० हेक्टर जंगल आणि त्यात २००० माकडं, तर ती आपापली टिकतील. संख्या झालीय, जोडणी अजून सुरू आहे.

आमच्या मेव्हण्यानं जाताना तीच लस घेतली होती, त्याशिवाय परत आल्यावर विमानतळावर अडकवतात. त्याला सांगितलं तुझी आणि नोटेवरच्या माकडाची लस एकच, तर म्हणतो मला दंडाला दोन दिवस सूज होती, माकडानं काय केलं?

विटेकर
खर्चाचं राहिलं बघा तुमचं.

कुंडलरोड
राहिलं खरं. आकडा मला सापडला नाही नीट म्हणून लिहीत नाही. पण एवढं बघा, झाडं लावली ती ओढ्याकाठानं, डोंगरउतारावर. त्याच साव जुआव नदीच्या धरणाचं पाणी खालची शहरं पितात. तुमचा टँकर आणि माकड एकाच डोंगरावरनं येतंय असं समजा.

पाटणचा_आबा
आमच्या वरच्या डोंगराला दरसाल वणवा लावत्यात, गवात चांगलं येतंय म्हून. आंब्याची, जांभळाची, करवंदाची जाळी गेली सगळी. आज्जा म्हनायचा पयलं वानरं वरच आसायची, दिवाळीच्या पुढंच खाली दिसायची. आता बारा म्हैनं खाली. ह्ये तू ल्हिलंस तवा डोस्क्यात आलं. पन वर झाडं लावली तरी दहा वर्सं लागनार, तवर भुईमूग कोन राखनार ते सांग.

जीवशास्त्र_मॅडम
आबा, यावर माझ्याकडे तरी सरळ उत्तर नाही. राखण आणि वेळेवर पंचनामा, तोपर्यंत एवढंच.

पाटणचा_आबा
पंचनाम्याचं नाव काढू नका मॅडम.

मिरज_जंक्शन
आता फोटो टाकतो का धागा रिपोर्ट करू?

विटेकर
आपल्या जुन्या दहाच्या नोटेवर गेंडा-हत्ती-वाघ होते, आठवतंय का कुणाला? आताच्या वीसच्या नोटेवर वेरूळ आहे.

कुंडलरोड
बरं सांगतो आता, हसू नका. नोट टीव्हीच्या शोकेसमधे ठेवली होती. आईनं बघितली, विचारलं कोण हे, मी म्हटलं माकड आहे, लांबच्या देशातलं, सोन्यासारखं, संपत आलेलं परत आणलं. तिनं ती उचलून देव्हाऱ्यात मारुतीच्या शेजारी ठेवली. मी काय बोललो नाही. शनिवारी मारुतीला तेल घातलं, ते तिकडं पण वघळलं. आता नोट मधोमध आरपार दिसती, माकडाचं तोंड आणि मागची बाजू एकदमच. टाल्कम पावडर लावून वहीत दाबून ठेवलीय. निघालं तेल तर फोटो टाकतो.

मिरज_जंक्शन
🙏 जय हनुमान

पाटणचा_आबा
पावडर नगं, खडूचा भुगा लाव. आनि आईला काय बोलू नगंस.